तिरपी झिरी

सिंधूबाई धकातेंनी खिळा ठोकला
दवाखान्याच्या कागदांची पिशवी टांगायला.
तिसऱ्या घावाला भिंत फुटाण्यासारखी वाजली,
कूलर घरघरत थांबला,
आणि मे महिन्यातली दुपार
न विचारता आत येऊन पलंगावर बसली.

"घनश्याम, लवकर ये बापा,
जीव चालला माहा गर्मीनं."

पाचपावलीचा पूल उतरून गेलो.
आधी टेस्टर चालू बोर्डात लावून पाहिला,
मग मेन पाडला,
मग पुन्हा टेस्टर.
मेलेला टेस्टर सगळ्यांनाच मेलेलं म्हणतो,
हे वहाब उस्तादांचं.

खिळा उपसला. टोक काळं,
एका बाजूला वितळून पडलेली खाच.
पण इथं वायर कशी?
बोर्ड दाराशी, पंख्याची डबी पार तिकडं.
वायर बोर्डातून उभी वर जाते,
छताखालून आडवी.
भिंतीत कुणी पाहत नसलं
तरी सरळच चालायचं असतं तिनं,
म्हणजे खिळा ठोकणाऱ्याला
न पाहता ती कुठं आहे ते कळतं.

छन्नी लावली. गिलावा पापुद्र्यानं सुटला
आणि पाइप दिसला,
तिरपा,
भूमितीच्या वहीतल्या कर्णासारखा.

"कोन्या गाढवानं केलं हे?"

मी झिरीवरून बोट फिरवलं.
विटेतले घाव सगळे उजवीकडून डावीकडं कललेले.
मी डावखुरा आहे.

अठ्ठ्याण्णव साल. खिडकीतला हा कडुलिंब
तेव्हा माझ्या कमरेएवढा.
उस्ताद डबा खायला गेलेले,
माझ्या तळहाताला दोन फोड, एक फुटलेला,
वीट अशी पक्की की छन्नी उलटून अंगावर येई.
तिरपं गेलं तर सात फूट वाचत होते.
उस्ताद आले तोवर
गिलावा करणाऱ्यानं पहिला हात मारून टाकला होता.
ते ओल्या भिंतीसमोर थोडा वेळ उभे राहिले.
काही बोलले नाहीत.
मला वाटलं, सुटलो.

"मीच होतो तो," मी म्हणालो. "काकू, मीच."

सिंधूबाई पुठ्ठ्यानं वारा घेत होत्या.
पुठ्ठा थांबला. परत हलायला लागला.
"पोट्टा होता तू तवा," त्या म्हणाल्या,
"आता तं नाहीस न? कर मंग सरळ."

तुटल्या जागी जोड मारून, टेप गुंडाळून
सिमेंटखाली पुरता आला असता.
वीस मिनिटं, तीनशे रुपये,
आणि पुढच्या पावसाळ्यात भिंतीला ओल धरली
की हात लावणाऱ्याला मुंग्या.
जोड डबीत असतो, झाकण उघडून दिसेल असा.
भिंतीत जोड नाही.

नवी झिरी पाडली, उभी, मग आडवी,
सात फुटांसकट.
विटेनं आजही छन्नी उलटवली.
नवा पाइप, डबीपासून डबीपर्यंत अखंड वायर,
सोबत हिरवी,
जी तेव्हा आम्ही घातलीच नव्हती.
गळती पकडणारा ब्रेकर मेनपाशी बसवला,
बटण दाबून पाडून दाखवला.
"पडला तं चांगला?" "पडला तं चांगला."

लिंपायच्या आधी टेप धरून फोटो काढला.
त्यांचा मोबाइलवर विश्वास नाही,
त्यांनी चष्मा लावून कागदावर उतरवलं:
चौकटीपासून एकेचाळीस सेंटिमीटर, तिथून वर.
घडी घालून पिशवीत,
साखरेच्या रिपोर्टामागं.

खिळा मी ठोकला, दुसरीकडं.
तीन घाव. भिंत गप्प.
कूलर सुरू झाला तेव्हा
वाळ्याचा ओला वास आधी आला, गारवा मागून.

मजुरीवरून वाद झाला, त्या जिंकल्या,
निम्मे पैसे खिशात कोंबलेच.

पुलावर गाडी बाजूला लावली.
त्या उन्हाळ्यात अकरा घरं केली होती.
बोटांवर मोजली, दोनदा.
नऊच आठवतात.